काहिलीची शेवटची खेप

—नका, नका, तिकडं नका सरकू मास्तर, माझ्या समोर बसा, बरोब्बर समोर, न्हाईतर कडेनं पानी आत येईल आन् इस्त्रीचं वाटोळं हुईल — व्हय, बघितली मी इस्त्री, उपासनेतच बघितली, मागच्या बाकावरून मानसाची पाठ बरी दिसती — आता मांडी घाला. कड धरायची गरज न्हाई. बरं, धरा. लोखंड हाय, तुमी धरल्यानं चेपायचं न्हाई. ह्या काहिलीत एका टायमाला गुळाचा रस उकळायचा. सासऱ्यांनी गुऱ्हाळ मोडलं, कारखान्याला ऊस घालायला लागले, तवापासून ही पाटात पडली, आन् पाटात पडली ती माझ्याच नशिबाला आली. गोल हाय, ती फिरनारच. होडीला तोंड असतं, शेपूट असतं, हिला दोन्ही न्हाई. तुमाला चक्कर येत असली तर माझ्याकडं बघा. काठ फिरतो, झाडं फिरत्यात, मी तेवढी समोरच्या समोर ऱ्हाते. आता खाली का बघताय? बरं, खाली बघा.

गुडघे कसे हायेत आज? सहज इचारते. दर ऐतवारी उपासना सुटली की तुमी येता, म्हनता, दयाबाई, गुडघे दुखतात, फाट्यापर्यंत सोडता का — आन् सकाळी त्याच गुडघ्यांनी फाट्यापासून चर्चपर्यंत काठाकाठानं चालत आलेले असता. म्हंजे येताना दुखत न्हाईत, जातानाच दुखत्यात. आन् काहिलीत मांडी घातली की पार बरे हुत्यात. डॉक्टरला दाखवा एकदा, त्याला बी काहीतरी शिकायला मिळंल. न्हाई, मी कुठं काय म्हनते? आधी आख्खी वस्ती माझ्या काहिलीत हुती. उपासनेला पलीकडं जायचं तर दया पायजे, दळन आनायचं तर दया पायजे, एकदा तर आख्खा नवरदेव नेला, घोड्यासकट न्हाई, घोडं पोहत आलं. मग फाट्यावर स्लॅबचा पूल झाला. आता समदे फटफटीवरून भुर्र जात्यात आन् पुलावरून मला हात हलवत्यात. पूल कुनाच्या दाराशी झाला? तुमच्या. उंबऱ्यातून पाय टाकला की पूल, चप्पल भिजायला नको. आन् माझ्या काहिलीत अजून कोन बसतं? त्यो पुलाच्या दारातलाच मानूस. जाऊ द्या. आज शेवटची खेप हाय, आज कशाला काढायचं. पाटकरी म्हनला, हे पान्याचं आवर्तन अजून चार दिवस चालंल — पन पानी चालू ऱ्हाऊन करायचं काय, बाईच न्हाई तर. अँड्र्यू टेम्पो घेऊन फाट्यावर थांबलाय. सामान सकाळीच भरलं. गादी, ट्रंक, शिवनयंत्र, उखळ. उखळ नको म्हनत हुता. मी म्हनलं, उखळ न्हाई तर मी न्हाई. चढवलं बिचाऱ्यानं.

वाका. वाका मास्तर, पूल आला — डोकं! — लागलं? न्हाई ना? टोपी गेली फकस्त. थांबा, ही घ्या. पिळून घाला. दर ऐतवारी सांगते, ह्यो साहेबाचा दगडी पूल कुनाची भीड ठेवत न्हाई. आता त्याच्यावरून शेरडू बी नेत न्हाईत, कमानीत पिंपळ उगवलाय, तरी खालून जानाऱ्याला मान वाकवायला लावतोच. साहेब गेला, सलाम ऱ्हायला. आमचे सासरे सांगायचे, त्यांच्या आज्यानं बघितलेलं, की त्यो साहेब ह्याच पाटानं होडीत बसून यायचा पाट तपासायला. होडीत खुर्ची, खुर्चीत साहेब, समोर मडम, मडमेच्या डोक्यावर छत्री. आन् बोलायची कोन? मडम. ओझरच्या बंधाऱ्यापासून जी सुरू हुयाची ती थेट इथपर्यंत. साहेब नुसता मिशीला हात लावायचा. काठावरच्या बायांना इंग्रजी कळत न्हवतं, पन समजायचं समदं — बाई काहीतरी इचारती आन् बाप्या उत्तर देत न्हाई. ह्याला काय भाषा लागती व्हय? — हसलात. चला, पाट तपासून झाला म्हनायचा.

तुमी साहेबाहून बरे एका बाबतीत. तुमाला बोलता येतं, पन उभ्यानं. बसलात की वाचा जाती. चर्चमधी प्रार्थनेला उभे ऱ्हायलात की ऊस, पाऊस, सरपंच, आजारी, प्रवासी, परीक्षेची पोरं, कुनाला म्हनून सोडत न्हाई, आमेन म्हनूस्तोवर म्हातारी कोतारी घोरायला लागत्यात. आन् बाकावर बसलात की इचारावं, मास्तर, च्या घेनार का, तर मान हलवता, ती बी अशी की व्हय का न्हाई कळू नये. नाताळातलं आठवतंय ना? हितंच. ह्याच करंजाखाली. चर्चचे पाळकसाहेब काठावरून फटफटीवर आले, म्हनले, सलाम मास्तर — आन् तुमी काय केलं? उठलात! अहो, काहिलीत! चालत्या पान्यात! मोठा मानूस आला म्हनून बसून सलाम घालवंना तुमाला. सलाम म्हनता म्हनता गेलात की पाटात, बायबल, टोपी, चष्मा, समदं घेऊन. मी कॉलर धरून वढलं म्हनून, न्हाईतर चारीतून कुनाच्या तरी उसात निघाला असता. पाळकसाहेबांनी काठावरनं बाप्तिस्मा झाला म्हनून हात वर केला. चेष्टा करत्यात ते बी. तुमचं बायबल मी तुराट्यांवर वाळत घातलं हुतं, पान न् पान सुटं करून, वारा आला की धावायचे. एक पान अजून माझ्याकडंच ऱ्हायलंय — परत द्यायचं ऱ्हाऊनच गेलं. ट्रंकेत गेलं का काय कोन जाने. त्याचं काय एवढं? पान ते पान.

अँड्र्यूला सांगितलं तवा पोट धरून हसला. पन लगेच काय म्हनला म्हाईत हाय? म्हनला, आई, सरांना उठायचीच सवय. तुमच्याच हाताखाली शिकला न्हवं त्यो चौथीपर्यंत. म्हनला, सरांच्या वर्गात हात वर करायचा न्हाई. उत्तर येत असलं तर सरळ उभं ऱ्हायचं, न्हाई येत तर खाली बसून ऐकायचं. हात वर करून बोटं नाचवनारी पोरं खोटी असत्यात म्हने, उभं ऱ्हायला पायांत उत्तर असावं लागतं. पायांत उत्तर! अजून कारखान्यात मीटिंगला साहेबानं काही इचारलं की ह्यो खुर्चीतून उठतो, समदे हसत्यात. चांगला हाय माझा ल्योक. मी त्याला बोल लावत न्हाई. नगरला, नागापूरच्या एमआयडीसीत कायम झाला, दोन खोल्या घेतल्या, सून बी मायाळू. म्हनतो, आई, तिथं नळ हाय, चोवीस तास न्हाई, पन हाय. पाट, साप, अंधार, काय करती एकटी? आन् काहिलीचं बी बघितलंय त्यानं, हायवेच्या हाटेलवाल्याला देनार. त्यो तिच्यात कमळं लावनार म्हने, दारात. आधी गूळ, मग मानसं, आता कमळं. बाईच्या जातीचं असंच असतं, कुनी ना कुनी भरतच असतं तिच्यात काहीतरी — तुमाला न्हाई बोलले. ह्या हातातल्या फळीला बोलले.

फळी मारायला मी शिकले ती अँड्र्यूचा बाप गेल्यावर. त्याच्या आधी ही काहील अशी बसून कुनी चालवलीच न्हाई. त्यो उभा ऱ्हायचा, हातात बांबू, आन् मी खाली, बुडाशी, बरोबर मधी. पयल्या दिवशीच सांगितलं हुतं त्यानं, नवी नवरी हुते, हिरव्या साडीत — दये, काहिलीत एकानं उभं ऱ्हायचं तर दुसऱ्यानं बुडाशी बसायचं, हलायचं न्हाई, बोलायचं बी न्हाई. बोललं की मानूस हलतं. खाली वजन पायजे, तर वरच्याला उभं ऱ्हाता येतं. मी म्हनलं, आन् मला बोलायचं असलं तर? तर म्हनला, मग मी बसतो, तू चालव. भला मानूस हुता. त्यो गेला आन् बुडाशी बसायला कोन उरलं? म्हनून ही फळी. म्हनून ही बडबड. बसल्या मानसानं बोलायला काय हरकत हाय? तुमी ऐकता म्हनून बोलते. घरात भिंतींशी बोलले तर शेजारीन म्हनंल, दयाला लागलं वारं.

तुमच्या मंडळी गेल्या त्या साली तुमी उपासनेला येईनात, आठवतंय? आख्खा पावसाळा. मी काहील घेऊन फाट्यापर्यंत यायची रिकामी. माल आनायला. कसला माल? मीठ. आमच्या घरात एवढं मीठ झालं की म्हशीला चाटवून संपंना. मग एका ऐतवारी तुमी दारात दिसलात, टोपी घालून, आन् म्हनलात, दयाबाई, चर्चपर्यंत सोडता का. उलट्या पान्याला, मास्तर! उलट्या पान्याला मानूस घेऊन काहील जाती का कुठं? मी दोर लावला, काठानं वढत नेली तुमाला, आन् तुमी आत बसलेले, मोसंबीच्या पाटीसारखे. लोक हसले. हसू द्या. त्या दिवशी मला लई बरं वाटलं हुतं — मानूस घराभायेर पडला म्हनून. कुनासाठी बी वाटतं की न्हाई, तसं. उगा त्याच्यात काही नका बघू.

हे वळन आलं की पानी मंदावतं बघा. उतार कमी हाय हितं. हितं बी करंजाची सावली हाय, घटकाभर लागतोच. दर वेळी तुमी म्हनता, इथं पाणी बरंच हळू आहे — व्हय, हाय हळू. आता — जाऊ द्या, शेवटची खेप, खोटं कशाला. पानी हळू न्हाई. मीच फळी उलटी धरते. ही बघा, अशी. धरली की थांबतं, सोडली की निघतं. किती वर्सं धरली असंल, मोजली न्हाईत. तुमाला कळलं न्हवतं? मास्तर, खरं सांगा. इकडं बघून सांगा. — कळलं हुतं! अहो, मग बोलायचं न्हाई? लबाड! मी इकडं मनगट मोडून घेते आन् हे आपले पान्याचा वेग बघत्यात!

असू द्या. मला राग न्हाई आला. म्हंजे आलाय, पन त्यो राग दुसऱ्या जातीचा हाय. ऐका आता. परवा अँड्र्यू फोनवर म्हनला, आई, तू दर महिन्याला काहीतरी कारन काढती. आधी म्हनली उसाला तोड येऊ दे, मग म्हनली नाताळ हुऊ दे, मग म्हनली आवर्तन सुटू दे. तुला थांबायचं कुनासाठी हाय तेवढं सांग, मी पुन्ना इचारनार न्हाई. मी म्हनलं, म्हशीसाठी. पटकन निघालं तोंडातून. त्यो म्हनला, आई, म्हैस दिवाळीला विकली. — हसू नका! तर पोरगं काय म्हनलं? म्हनलं, बरं, मग ऐतवारी मी टेम्पो घेऊन फाट्यावर थांबतो, सरांच्या दाराशी. तू काहिलीनं ये. उतरशील तवा सांग, सामान कुठं उतरवायचं. नागापूरला, का हितंच. त्यानं टेम्पो पार तुमच्या दारात लावलाय, मास्तर. तोंड नगरकडं, पाठ तुमच्या घराकडं. सकाळी सामान भरतानाच त्यानं तसं ठरवलं, मी म्हनलं, ही कसली रीत, तर म्हनला, आई, पाठीमागनंच सामान उतरतं.

आता तुमी म्हनाल, ह्या बाईनं पोराला शिकवून ठेवलेलं दिसतंय. देवाशपथ न्हाई. त्याला कसं कळलं मला म्हाईत न्हाई. मीच स्वतःला आज सकाळपर्यंत सांगत हुते की मी पाटासाठी ऱ्हातेय. पाटाला काय, दीडशे वर्सं झाली, माझ्यावाचून वाहतोय, वाहील. मला नागापूरला न्हाई जायचं. झालं, बोलले. नळ बी नको, दोन खोल्या बी नको. मला ऐतवारी कुनाचे तरी खोटे दुखनारे गुडघे हवेत समोर. एवढंच. लोक काय म्हनतील म्हनून मी गप बसले न्हाई बरं का — पाळकसाहेबांनी त्या वाल्मिकच्या मावशीचं लावलंच की लग्न गेल्या साली, नातवंडं करवले. मी गप बसले ते हे काही बाईनं इचारायचं नसतं म्हनून. आता मडमेसारखी आख्खा पाट बोलत आले, आन् फाटा आला तरी साहेबाचा हात मिशीवरच.

त्यो बघा पूल. टेम्पो दिसतोय? निळा. आन् कठड्याला टेकून उभा हाय त्यो अँड्र्यूच, लांबनं बापासारखाच दिसतो. हात हलवतोय. मी न्हाई हलवत, माझ्या हातात फळी हाय. पुलाखालून गेलो की घाट, घाटाला लागली की तुमी उतरायचं, मी उतरायचं, काहील टेम्पोत. कमळं. बोलायचं ते हितनं पुलापर्यंत, मास्तर, पुढं मला ऐकू यायचं न्हाई, टेम्पोचा आवाज लई. अँड्र्यूनं इचारलेलंच इचारते, त्याच्याइतकंच सोपं. तुमच्या चौथीच्या पोराला आलं असतं. मी कुनासाठी थांबू?

मान नका हलवू. मान न्हाई चालायची आज. तुमची मान मला अजून वाचता येत न्हाई.

बरं. न्हाई येत, तर खाली बसून ऐका, तुमचाच कायदा हाय. माझी काही — हां हां, हे काय! कड सोडू नका! मास्तर, बसा! पाय कुठं टाकताय, काहील हाय ही, चर्च न्हाई — अहो, पाळकसाहेब न्हाईत काठावर, कुनी मोठं न्हाई, अँड्र्यू हाय, माझा ल्योक, त्याच्यासाठी कशाला उठता — बसा म्हनते ना, आत्ता उलटंल, पोहायला येत न्हाई तुमाला, इस्त्री —

...उठलात.

हं.

थांबा. थांबा, हलू नका. मी येते. मधी येते, बुडाशी, साडी भिजली तर भिजू द्या — ही बसले. ही टेकली फळी. पाय जरा लांब करा. आता न्हाई हलत बघा. वजन हाय खाली. अँड्र्यू, तिथंच ऱ्हा रं, वरडू नको! सर उभे ऱ्हायलेत, दिसत न्हाई का!

बोला मास्तर. मी गप.